हजेरीपटाबाहेरची माणसे

हार्बर मार्गाचे रूळ गोवंडीचे दोन भाग करतात, आणि त्या दोन भागांचा इतिहास निरनिराळा लिहिण्याची जी चाल पडली आहे तिच्यामुळे या स्थळाचे खरे महत्त्व दृष्टीआड होते. हा लोहमार्ग कुर्ल्यापासून चेंबूरपर्यंत १९०६ साली प्रथम घातला गेला तो शहराचा केरकचरा वाहून नेण्यासाठी. उतारूंची वाहतूक त्यावर १९२४ मध्ये सुरू झाली, आणि १९२७ पासून मुंबईचा कचरा देवनारच्या खाजणात साठू लागला. पुढे रुळांच्या एका अंगास १९७१ साली कत्तलखाना आला, आणि शहराच्या अन्य भागांतून उठविलेल्या झोपडीवासीयांना बैंगनवाडी व शिवाजीनगर येथे आणून वसविण्यात आले. दुसऱ्या अंगास, देवनारच्या माळावर, १९५४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेची वास्तू उभी राहिली. एका अंगास कामगाराच्या जीवनाचे अध्ययन होत राहिले आणि दुसऱ्या अंगास काम गमावलेली कुटुंबे बिऱ्हाड थाटीत राहिली. प्रस्तुत लेखाचा विषय या दोहोंना जोडणारा आहे: एकाच दिवशी शेकडो वा सहस्रावधी माणसांची नावे हजेरीपटावरून उतरविली जातात, तेव्हा त्यांच्या जिवाची काळजी मुंबईच्या कामगारवर्गाने आजवर कशी वाहिली, ती वाहणारी व्यवस्था कशी मोडली, आणि आज ती कोणी व कशी पुन्हा उभारावी.

देवनारच्या त्या संस्थेचा उगम गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यातला आहे. क्लिफर्ड मॅनशार्ड्ट या अमेरिकन धर्मोपदेशकाने नागपाड्यात शेजारधर्माचे एक केंद्र स्थापिले. तेथील अनुभवातून १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावाचे समाजकार्याचे विद्यालय निघाले, आणि त्यालाच १९४४ मध्ये आजचे नाव प्राप्त झाले. स्थापनेनंतर दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९३७ साली, या विद्यालयाने मुलांच्या मानसिक अडचणींसाठी मार्गदर्शन केंद्र उघडले, यावरून मनाचे दुखणे हाही समाजकार्याचाच प्रांत आहे ही जाणीव त्याच्या चालकांना आरंभापासून होती हे दिसून येते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे वा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याची सक्ती केली, आणि असे अधिकारी घडविण्याचे काम या संस्थेकडे ओघानेच आले. त्या अधिकाऱ्याने उपाहारगृहाची व्यवस्था पाहावी, कर्जबाजारी कामगारास पतपेढीची वाट दाखवावी, व्यसनाधीनाची समजूत काढावी, वारंवार गैरहजर राहणाऱ्याच्या घरी जाऊन विचारपूस करावी, अशी अपेक्षा होती, आणि पुष्कळ ठिकाणी ती प्रामाणिकपणे पुरीही झाली. परंतु या पदाला एक उपजत मर्यादा होती. त्याचे वेतन कारखानदार देई आणि त्याचा अधिकार हजेरीपटावरील नावांपुरता चाले. ज्या दिवशी कामगाराचे नाव पटावरून निघे त्याच दिवशी तो कल्याणाच्या कक्षेतूनही निघून जाई, आणि मानसिक आधाराची खरी निकड त्याच दिवसापासून सुरू होते ही गोष्ट कोणत्याही कलमात बसत नव्हती.

औद्योगिक विवाद अधिनियम १९४७ चा. त्यात १९५३ साली जे प्रकरण घालण्यात आले त्याने छटणी झालेल्या कामगारास एक महिन्याची नोटीस, प्रत्येक पूर्ण वर्षाच्या सेवेबद्दल पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, आणि पुढे जागा निघाल्यास प्रथम हक्क मिळवून दिला. १९७६ साली मोठ्या कारखान्यांना छटणीपूर्वी सरकारची परवानगी घेणे भाग पडले. हे उपाय तुच्छ नव्हेत. त्यांच्यामागे दीर्घ लढ्यांचा इतिहास आहे. तथापि कायद्याच्या लेखी कामगार हा देण्याघेण्याचा एक पक्ष असतो, आणि हिशेब चुकता झाला की प्रकरण दाखल दफ्तर होते. ज्या मनुष्याला वीस वर्षे पाळीच्या भोंग्यावर उठण्याची सवय जडली आहे त्याला सकाळी सहा वाजता जाग आल्यानंतर जायचे कोठे, हा प्रश्न हिशेबाच्या कागदावर कोठेही लिहिलेला नसतो.

तो प्रश्न गिरणगावाने आपल्या रीतीने सोडविला होता, आणि त्यासाठी त्याला कोणा शास्त्रज्ञाची वाट पाहावी लागली नव्हती. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या मुलखांतून मुंबईस आलेला गडी प्रथम जाई तो आपल्या गावच्या गाळ्यात. एका खोलीत वीसवीस, तीसतीस माणसे; ट्रंक आणि वळकटी एवढीच प्रत्येकाची मालमत्ता; दिवसपाळीचे लोक उठून गेले की रातपाळीचे त्याच जागेवर अंग टाकीत. आरोग्याच्या दृष्टीने ही व्यवस्था शोचनीय होती यात शंका नाही. पण त्या गाळ्यात कोणी मनुष्य चार दिवस न बोलता पडून राहिला तर ते उरलेल्या एकोणतीस जणांस कळत असे. गावकीचे मंडळ दरमहा वर्गणी गोळा करी. त्या पैशातून गावच्या देवळाचा जीर्णोद्धार होई, आजाऱ्याला बोटीचे भाडे मिळे, बेकाराचे जेवण निघे, आणि मुंबईत देह ठेवणाऱ्याची उत्तरक्रियाही होई. भिशीत अडलेल्यास पाळी आधी देण्याचा प्रघात होता. शनिवारच्या भजनात टाळ धरणारा एक हात कमी पडला तर बुवा चौकशी करीत. आणि खानावळीची बाई तर सर्वांहून दक्ष. कोणाचे ताट दोन दिवस तसेच राहिले हे तिच्याइतके नेमके कोणास ठाऊक असणार?

गिरणीच्या आतही असेच होते. साचेखात्यात किंवा कताईत एखाद्याचा खाडा पडला की त्याच्या जागी बदली कामगार उभा करावा लागे, म्हणून खाडा ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नव्हती. मुकादमाला ती पहिल्या तासात समजे आणि शेजारच्या साचेवाल्याला त्याहून आधी. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांची रीतसर नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली ती मुकादमांच्या मनमानीस आळा घालण्यासाठी व उत्पादनाच्या सोयीसाठी. पण गैरहजेरीची दखल घेण्याचा परिपाठ त्यायोगे अधिकच पक्का झाला. मालकाला खाड्याची चिंता नफ्यासाठी होती, सोबत्याला ती सोबत्यासाठी होती. हेतू भिन्न असले तरी परिणाम असा की मनुष्य नाहीसा झाला आणि कोणाच्या ध्यानी आले नाही, असे गिरणगावात सहसा घडत नसे.

या व्यवस्थेचे गुण गाताना तिचे दोष झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. गाळा गावाचा असे आणि गाव जातींनी विभागलेला असे. कापडखात्यात तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागतो या सबबीवर अस्पृश्य कामगारांना त्या अधिक पगाराच्या खात्याची दारे बंद होती, आणि १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा अन्याय पुढाऱ्यांच्या पुढ्यात मांडला तेव्हा कोठे त्याची वाच्यता झाली. स्त्रियांची कथा याहून वेगळी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पंचमांश कामगार स्त्रिया होत्या. यांत्रिक सुधारणा आणि रात्रपाळीचे निर्बंध यांच्या निमित्ताने त्यांची संख्या घटत घटत नाममात्र उरली, आणि त्या घरी बसलेल्या बायांचे दुःख कोणत्याही गावकीच्या चोपडीत नोंदले गेले नाही. सोबत होती, पण ती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नव्हती.

कामावरून कमी होण्याचे संकट गिरणगावाला नवे नव्हते. १९२८ चा सहा महिन्यांचा प्रचंड संप मुळात याच भीतीतून उद्भवला होता. दोन साच्यांऐवजी तीन वा चार साचे एका विणकराने सांभाळावे अशी मालकांची योजना होती, आणि तिचा अर्थ उरलेल्यांच्या पोटावर पाय हाच होता. परंतु त्या काळी बेकार झालेल्या गड्याला मागे गाव होता. जमीन तुटपुंजी असली तरी ती होती. चुलत्याच्या ओटीवर चार महिने काढता येत, आणि मृगाची पेरणी आटोपून पुन्हा गाळ्यात परतता येई. मुंबईची नोकरी आणि कोकणचे घर अशी दोन खांबांवर तोललेली ही संसाराची रीत होती. पुढे बिऱ्हाडे मुंबईत आली, मुले येथील शाळांत शिकू लागली, गावच्या जमिनीचे तुकडे झाले, आणि दुसरा खांब हळूहळू खचत गेला. हे स्थित्यंतर पुरते झाले होते अशा समयी १९८२ साल उजाडले.

त्या साली झालेल्या गिरणी संपाचे एक सूत्र उपनगरांत होते, हे सहसा सांगितले जात नाही. डॉ. दत्ता सामंत हे घाटकोपरच्या पंतनगरात वैद्यकी करणारे गृहस्थ. खाणकामगारांच्या जखमांवर मलमपट्टी करता करता ते त्यांचे पुढारी झाले, आणि कुर्ला-घाटकोपरच्या कारखान्यांत त्यांनी मिळवून दिलेल्या पगारवाढींची कीर्ती परळ-लालबागपर्यंत पोहोचली. १९८१ च्या बोनसच्या तंट्यानंतर गिरणी कामगार त्यांच्या दारी गेले ते या कीर्तीमुळे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप विधिपूर्वक मागे घेतला गेलाच नाही. दीड वर्षानंतर तो विरत गेला, ऑक्टोबर १९८३ मध्ये तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन केंद्र सरकारने आपल्या हाती घेतले, काही गिरण्यांची दारे पुन्हा उघडली तर काहींची उघडलीच नाहीत, आणि लाखाहून अधिक कामगार कायमचे हजेरीपटाबाहेर राहिले. त्यांना बडतर्फीचे फर्मान कोणी काढले नाही. त्यांचा शेवटचा दिवस कोणता हे त्यांनाही सांगता आले नसते.

या अनिश्चिततेचे मनावर जे परिणाम झाले त्यांची मोजदाद त्या वेळी कोणी केली नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी पुढे गिरणगावाच्या रहिवाशांच्या ज्या मुलाखती एकत्र केल्या, जयंत पवारांनी ‘अधांतर’ नाटकात संपानंतरच्या घराचे जे चित्र रंगमंचावर आणले, त्यांवरून त्या वर्षांची कल्पना येते. बायकोच्या अंगावरचे मंगळसूत्र गहाण पडले, मुलगी शाळेतून निघाली, भाडे थकले, तगादे सुरू झाले. घरातला कर्ता पुरुष दिवसचे दिवस नाक्यावर उभा राहू लागला, आणि काही घरांत त्याने स्वतःच्या हातांनी आपला शेवट केला. अशा मृत्यूचे एकच कारण शोधू नये. कर्ज, दारू, जुने दुखणे, घरातला कलह, अपमान, यांचे अनेक धागे तेथे एकत्र आलेले असतात. बेकारी त्या सर्वांना ताण देते. आणि हेही ध्यानात ठेवले पाहिजे की त्याच चाळींतील, त्याच विपत्तीतील बहुसंख्य माणसे जगली. त्यांपैकी कित्येक जगली ती ऐन वेळी कोणीतरी शेजारी येऊन बसल्यामुळे.

यापूर्वी अर्धशतक, व्हिएन्ना नगरीजवळच्या मारिएन्थाल या खेड्यातील वस्त्रगिरणी बंद पडून सारे गाव बेकार झाले, तेव्हा मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण संशोधकांनी तेथे जे निरीक्षण केले ते १९३३ साली प्रसिद्ध झाले. त्यांना असे आढळले की रिकामा वेळ मुबलक असूनही ग्रंथालयातून पुस्तके नेणारे कमी झाले. पुरुषांची रस्त्याने चालण्याची गती मंदावली, आणि दिवसभरात काय केले असे विचारले असता त्यांना सांगता येईना. स्त्रियांना मात्र चूल, पाणी, मुले यांनी दिवसाला आकार दिलेला होता. याहोडाबाईंनी पुढे याचा निष्कर्ष असा काढला की नोकरी वेतनाखेरीज आणखी काही देते: दिवसाची आखणी, घराबाहेरची माणसे, सामुदायिक प्रयोजन, समाजातील ओळख आणि नित्याचे काम. परळच्या नाक्यावर उभ्या असलेल्या साचेवाल्याचे नेमके हेच हरपले होते, आणि त्यातही घराबाहेरची माणसे हरपणे हे सर्वांत घातक ठरले. कारण गाळा, भिशी, भजनीमंडळ आणि खानावळ या संस्था गिरणीच्या पगारावर पोसलेल्या होत्या, आणि पगार थांबताच त्यांचाही प्राण कंठाशी आला.

त्यांच्यावर दुसरा घाव पडला तो आपसांतील वैराचा. संप चालू असतानाच काही कामगार, कोणी उपासमारीने तर कोणी धास्तीने, पोलीस बंदोबस्तात कामावर रुजू झाले. बाहेर राहिलेल्यांनी त्यांना फितूर म्हटले. आत गेलेल्यांनी बाहेरच्यांना आडमुठे ठरविले. ज्यांनी एका डब्यातली भाकरी मोडून खाल्ली होती ते जिन्यात समोरासमोर आले तर मान फिरवू लागले. कोणत्याही मोठ्या कपातीनंतर असेच काहीसे घडते. ज्याची नोकरी टिकली त्याच्या मनात अपराधाची बोच असते, ज्याची गेली त्याच्या मनात लज्जा असते, आणि दोघेही एकमेकांस टाळतात. हे टाळणे वैरातून आलेले असो वा संकोचातून, त्याची किंमत सारखीच पडते.

अशा काळातही जे सावरले त्यांच्यात खानावळवाल्या बायांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. १९७३–७४ च्या संपात या बायांनी कामगारांना उधारीवर जेवू घातले होते आणि स्वतः सावकाराच्या कचाट्यात सापडल्या होत्या. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९८२ च्या संपातही गिरणगावात चुली पेटत्या राहिल्या त्या अशाच बायांच्या उधारीवर. त्या उधारीत अन्नाच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट मिळे: पैसे नसलेल्या मनुष्यालाही ताटावर येऊन बसण्याचा हक्क, आणि तो न आल्यास त्याला बोलावणे धाडणारे कोणीतरी.

दुसरे उदाहरण दत्ता इस्वलकरांचे. मॉडर्न मिलच्या या कामगाराने सहकाऱ्यांसह १९८९ मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती स्थापिली, उपोषणे केली, आणि सर्वस्व गमावलेल्या लोकांना पुन्हा एकत्र बसविले. त्या चळवळीचे मोजता येण्याजोगे फळ म्हणजे गिरण्यांच्या जमिनीवरील घरे. म्हाडाची ६,९२५ घरांची पहिली मोठी सोडत २०१२ साली निघाली, म्हणजे संपाला तीस वर्षे झाल्यावर. पण त्या तीस वर्षांत अर्ज भरणे, मोर्चास जाणे, यादीत आपले नाव तपासणे, शेजाऱ्याचे नाव सापडले की त्याला निरोप देणे, या निमित्ताने माणसे पुनःपुन्हा भेटत राहिली. मालकाच्या हजेरीपटावरून उतरलेल्यांनी आपला स्वतःचा हजेरीपट तयार केला होता. चळवळीच्या यशापयशाची चर्चा करणारे तिच्या या अंगाकडे क्वचितच पाहतात.

१९९१ नंतर कपातीचे रूप बदलले. कुर्ला, चेंबूर, तुर्भे या पट्ट्यातील कारखान्यांत स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या, आणि एका रकमेचा धनादेश घेऊन माणसे घरी बसली. सरकारने १९९२ साली राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन केला. कामगारांचे समुपदेशन, पुनःशिक्षण आणि पुनर्नियोजन ही त्याची घोषित उद्दिष्टे होती, परंतु त्यातील पैशाचा फार मोठा भाग निवृत्तीच्या रकमा चुकविण्यातच खर्ची पडला. रक्कम हाती येताच नातेवाईक उसने मागू लागत, लग्ने उरकली जात, घराची डागडुजी होई, आणि दोन-तीन वर्षांनी पैसे संपत त्या सुमारास मनुष्य खरा एकाकी पडे. म्हणून पहिल्या महिन्यातील सहानुभूती पुरेशी नसते. सोबतीला मुदत घालता येत नाही.

या संदर्भात लंडनमधील एक अनुभव चिंतनीय आहे. चॅड व्हारा नावाच्या धर्मोपदेशकाने १९५३ साली आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी आपल्या चर्चमध्ये दूरध्वनीची सोय केली. लोक एवढे येऊ लागले की त्यांची पाळी येईपर्यंत त्यांना चहा देऊन गप्पा मारीत बसण्यासाठी काही स्वयंसेवक त्याने ठेवले. आणि थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानात आले की पुष्कळांना आत येण्याची गरजच उरत नाही, बाहेर शांतपणे ऐकून घेणारा मनुष्य मिळाला म्हणजे त्यांचे काम भागते. पुढच्याच वर्षी त्याने हे कार्य स्वयंसेवकांच्या स्वाधीन केले, आणि ‘समॅरिटन्स’ या नावाने ते जगभर पसरले. सॅन फ्रान्सिस्कोच्या जेरोम मोटो या मनोविकारतज्ज्ञाने रुग्णालयातून सुटलेल्या पण पुढील उपचार नाकारलेल्या ८४३ रुग्णांचे दोन गट पाडले आणि एका गटास पाच वर्षे अधूनमधून साधी खुशालीची पत्रे धाडली; पहिल्या दोन वर्षांत त्या गटातील आत्महत्यांचे प्रमाण कमी राहिले. गाळ्यातील सोबत्यांनी जे सहजबुद्धीने केले त्याला अशा प्रकारे शास्त्राचीही साक्ष मिळाली.

आता पुन्हा गोवंडीकडे वळू. येथील गल्ल्यांत जरीकाम, शिवणकाम आणि चामड्याच्या पिशव्या यांचे लहानलहान कारखाने आहेत. पाच-दहा कारागीर एका माळ्यावर बसतात, तेथेच जेवतात, तेथेच निजतात. तेव्हा गाळा येथे अजून आहे, पण गावकीची वर्गणी, संघटनेचे कार्यालय, कल्याण अधिकारी यांपैकी काही नाही. पाचशे कामगारांचा कायदा पाच कामगारांच्या माळ्यापर्यंत पोहोचलाच नाही. २०१५ मध्ये राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली आणि देवनारच्या कत्तलखान्यावर ज्यांचे पोट होते अशा अनेकांचे काम एका रात्रीत गेले. त्या कायद्याच्या गुणावगुणांविषयी मतभेद असू शकतील, त्या माणसांच्या बेकारीविषयी असू शकत नाहीत. मार्च २०२० च्या टाळेबंदीत माळ्यांवरची कामे थांबली आणि कारागीर गावांकडे निघाले. यांपैकी कोणाच्याही हाती नोटीस पडली नाही, कारण कोणाचे नाव पटावर नव्हतेच.

रुळांच्या दुसऱ्या अंगास, टाटा संस्थेने २०१२ पासून ‘आयकॉल’ ही दूरध्वनीवरून समुपदेशन देणारी सेवा चालविली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेऐवजी शुश्रूषा देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. २०२२ साली राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण आले आणि ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली. एवढे सारे देवनारच्या माळावर ज्ञात असताना जून २०२४ च्या अखेरीस त्याच संस्थेतील शंभरावर अध्यापक व कर्मचाऱ्यांना, अनुदान नसल्याच्या कारणावरून, सेवासमाप्तीची पत्रे मिळाली. ती दोन-तीन दिवसांतच मागे घेण्यात आली. पण कामगारकल्याणाचे शिक्षण देणाऱ्यांवरही हा प्रसंग येतो, तेव्हा आपण त्यापासून सुरक्षित आहोत अशी समजूत कोणत्याही कचेरीने किंवा कारखान्याने करून घेऊ नये.

या सर्व इतिहासातून सहकाऱ्यांसाठी जे कर्तव्य निष्पन्न होते ते कठीण आहे, पण गूढ नाही. कपातीची वार्ता येताच गेलेल्यांची यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे दोन सोबत्यांची नावे लिहावी. सर्वांनी सर्वांची काळजी घ्यावयाची ठरविले म्हणजे कोणीच घेत नाही. भेटीचे दिवस आधी ठरवावे, आणि त्यांत पगाराची पहिली चुकलेली तारीख, गौरी-गणपती, ईद, शाळेच्या शुल्काचा महिना आणि हाती आलेली रक्कम संपण्याचा काळ हे अवश्य धरावे. सहकारी गप्प झाला, देणी घाईने मिटवू लागला, जवळच्या वस्तू वाटून टाकू लागला, आपल्यावाचून घरच्यांचे बरे चालेल असे म्हणू लागला, तर आडवळणाने न विचारता जीव नकोसा वाटतो का असे स्पष्ट विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत निराधार आहे. उलट कित्येकांना तो प्रश्न ऐकूनच मोकळे वाटते. उत्तर होय असे आले तर उपदेश करू नये, देवाची शपथ घालू नये. जवळ बसावे, घरातल्यांना विश्वासात घ्यावे, अपायाची साधने त्याच्या हातापासून दूर ठेवावी, त्या रात्री त्याला एकटे सोडू नये, आणि १४४१६ वर बोलून अथवा शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञाकडे त्याच्याबरोबर स्वतः जावे. पत्ता लिहून देणे निराळे आणि बरोबर जाणे निराळे.

नोकरी टिकलेल्याने प्रथम हात पुढे करावा, कारण लज्जेचा भार त्याच्यावर कमी आहे. कामगार संघटनेने भरपाईच्या मागणीपत्रात या गोष्टींचीही मागणी घालावी: कपातीनंतर निदान वर्षभर समुपदेशनाचा खर्च, वैद्यकीय विम्याची मुदतवाढ, आणि माजी कर्मचाऱ्यांना भेटण्यासाठी एक जागा. आणि गावकीच्या जुन्या चुकीची पुनरावृत्ती टाळून, कंत्राटी झाडूवाला, कॅन्टीनमधील पोऱ्या, रोजंदारीची मदतनीस बाई यांची नावे त्या यादीत प्रथम लिहावी, कारण मालकाच्या पटावर ती कधी नव्हतीच.

मुंबईच्या कामगाराने आठवड्याची सुटी मिळविली, बोनस मिळविला, भविष्यनिर्वाह निधी मिळविला. या प्रत्येक गोष्टीसाठी त्याला मालकाशी आणि सरकारशी भांडावे लागले. परस्परांची हजेरी घेण्याचा अधिकार मात्र त्याला कोणी दिलेला नव्हता आणि म्हणून तो कोणी काढूनही घेऊ शकत नाही. गिरण्यांचा अस्त झाला तेव्हा हा अधिकार वापरणारे विखुरले, एवढेच झाले. गोवंडीच्या माळ्यांवर, देवनारच्या कचेऱ्यांत आणि शहराच्या काचेच्या मनोऱ्यांत आज काम करणाऱ्यांनी तो पुन्हा हाती घ्यावयाचा तर त्यासाठी अधिनियमाची प्रतीक्षा नको. कपातीचे पत्र येण्यापूर्वीच, म्हणजे सारे एकत्र बसत आहेत तोवर, एक वही आणि चार जबाबदार माणसे ठरवून घेतली तरी आरंभास तेवढे पुरे आहे.